अकराव्या प्रश्नाचं उत्तर

१२ जानेवारी

आत्या, नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. माझ्या खोलीची भिंत पुठ्ठ्याची आहे आणि पलीकडे सध्या सचिवांची माणसं बसतात.

देशाला यंदा साठ वर्षं होतायत. त्यानिमित्त आमच्या स्मारकात नवं दालन करायचं ठरलंय. संस्थापकांच्या अभ्यासिकेत त्यांचा पुतळा टेबलाशी बसवायचा आणि समोर अकरा बटणं. प्रत्येक बटणावर एक प्रश्न. बटण दाबलं की संस्थापक उत्तर देणार, आवाज एका नटाचा. म्हणजे आजचा देश बघून ते काय म्हणाले असते, ते त्यांच्याच तोंडून. उत्तरं लिहायचं काम इतिहासाच्या प्राध्यापिका बाईंकडे होतं. त्यांनी दोन बैठका कशाबशा काढल्या, तिसरीत चष्मा मिटून पर्समध्ये टाकला आणि अंग काढून घेतलं. मग सचिव माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही बावीस वर्षं स्मारक सांभाळताय, तुम्हीच लिहा.

मी वाळवी सांभाळतो, आत्या. गळकं छत आणि शाळांच्या सहली सांभाळतो. पण हे कुणाला सांगू? म्हणून तुझ्याकडे आलोय. त्यांची स्टेनो म्हणून तू चार वर्षं रोज त्यांच्यासमोर बसलीस. आज जिवंत असलेल्यांत त्यांचं बोलणं तुझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. अकरा प्रश्न असे: रस्ते, शाळा, तरुण पिढी, मोबाइल, भाषा, बायकांच्या नोकऱ्या, झाडं, खेळ, परदेशी गेलेली मुलं, स्वच्छता. प्रत्येकाला चार ओळी पुरेत.

गुडघा कसा आहे? जिना कमी चढ.

तुझा,
भोपळ्या


२० जानेवारी

भोपळ्या,

गुडघा होता तिथेच आहे. जिना कमी चढायला मी खाली राहते का?

साहेब आज काय म्हणाले असते, हा प्रश्न मला गेली छप्पन्न वर्षं लोक विचारतायत. वाणी विचारतो, दाताचा डॉक्टर माझ्या तोंडात हत्यार घालून विचारतो. जो विचारतो त्याच्याकडे उत्तर आधीच तयार असतं, मी फक्त मान हलवायची असते. नवीन पूल बघून साहेबांना आनंद झाला असता, नाही का? नवीन पूल बघून साहेबांना दुःख झालं असतं, नाही का? मला वीट आलाय.

तुला माहीत असलेले साहेब नोटेवरचे आहेत. मला माहीत असलेले साहेब चहा अर्धा टाकून द्यायचे आणि कप कुठे ठेवला म्हणून माझ्यावर चिडायचे. त्यांना 'आशीर्वाद' शब्द शेवटपर्यंत धड लिहिता आला नाही. एकच पत्र पाच वेळा सांगायचे, सहाव्यांदा म्हणायचे, पहिलंच बरं होतं. एकदा विणकरांचा अर्ज आला, हातमाग बंद करायचे की चालू ठेवायचे, साहेबांनी ठरवावं म्हणून. साहेबांनी खिडकीजवळ दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, लिही, मला माहीत नाही, मी तिथे येऊन बघतो. मी थांबले. देशाचा प्रमुख असं कसं लिहील? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट टाइप केलं. आणि ते खरंच गेले, अकरा दिवस राहून आले.

तेव्हा मोबाइलबद्दल त्यांचं मत मला विचारू नकोस. त्यांचं तर पेन्सिलीबद्दलसुद्धा दर आठवड्याला वेगळं मत असायचं.

एक विचारते. अकरा प्रश्न म्हणालास आणि दहाच लिहिलेस. मी बोटांवर तीनदा मोजले.

आत्या


३ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसू आलं, पण सचिवांना दाखवता येत नाही. दहा उत्तरं मी माझ्या मनानं लिहून टाकली. 'झाडं लावा, शाळेत जा' छापाची. त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही.

अकरावा प्रश्न अजून विचाराधीन होता म्हणून लिहिला नव्हता. तो शिस्तीबद्दल आहे. सभागृहात एक विधेयक येतंय, तू वाचलं असशील. सभा घ्यायची तर तीस दिवस आधी परवानगी, आणि वर्तमानपत्रांना दर वर्षी परवाना. त्याच्याशी आमचा थेट संबंध नाही. पण सचिवांचं म्हणणं, संस्थापकांनी स्वतःच म्हटलं होतं, 'शिस्त आधी, स्वातंत्र्य नंतर.' ते भाषण छापलेलं आहे, मी तपासलं. मग त्या वाक्याभोवती चार ओळी घालायला हरकत काय? खोटं काहीच लिहायचं नाही.

फक्त एक करशील का? सोबत एक कागद पाठवतोय. ही भाषा संस्थापकांच्या बोलण्याशी जुळते, एवढंच त्यावर लिहिलंय. खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. समितीला कुणा जाणत्या माणसाचा शिक्का हवाय. तुझ्या सहीनं माझं डोकं शांत होईल. घरात मुलीच्या परीक्षेची तयारी चालू आहे, बायको म्हणते मी झोपेतही 'संस्थापक' बडबडतो.

तुझा,
भोपळ्या


१० फेब्रुवारी

भोपळ्या,

कागद परत पाठवतेय. त्यावर सही नाही, पाठीमागे मी वाण्याची यादी लिहिली होती ती खोडली आहे.

ते वाक्य ते बोलले, हे खरं. ऐक, कधी बोलले ते. उन्हाळ्यातली दुपार होती, सभागृहाचे पंखे बंद, मागच्या रांगेतले लोक ओरडत होते. साहेबांना घाम फुटला होता. चिडून त्यांनी माइकवर हात आपटला आणि ते वाक्य म्हणाले. टाळ्या पडल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मला घरून बोलावून घेतलं. मी केस विंचरत होते, तशीच गेले. त्यांनी उभ्यानंच सांगितलं: 'काल सभेत मी उकाड्यानं आणि रागानं बोललो. माझं वाक्य चुकीचं होतं. ते मी मागे घेतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी का वाजवल्या, याचा त्यांनी विचार करावा.' हे सगळ्या वर्तमानपत्रांना गेलं. त्यांनी चौथ्या पानावर, हरवले-सापडलेच्या शेजारी छापलं. भाषण पहिल्या पानावर होतं. म्हणून तुला तपासताना भाषण सापडलं.

माझ्याकडे शॉर्टहँडची वही आहे आणि पत्राची कार्बन कॉपी आहे. कॉपीवरून माझ्या हातानं उतरवून सोबत पाठवतेय. मूळ कागद पाठवणार नाही. तुमच्या स्मारकात कागद जातात, येत नाहीत.

आता तुला कळलं. आता तू तसं लिहू शकत नाहीस.

आत्या


२ मार्च

आत्या,

गडबडीत लिहितोय. सगळं मार्गी लागलं. दालन १५ मार्चला उघडतंय. पाहुणे भरपूर, उन्हात दोन तास उभं राहावं लागेल, तेव्हा तू येण्याचे कष्ट घेऊ नकोस. निमंत्रण येईल ते केवळ रीत म्हणून. तुझा उल्लेख मात्र आदरानं केला आहे.

गर्दी ओसरली की मीच येईन.

भोपळ्या


१९ मार्च

भोपळ्या,

तुमचा आदर मी वर्तमानपत्रात वाचला. माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर पेपर घेऊन वर आले आणि म्हणाले, बाई, तुमचं नाव आलंय, पेढे कुठायत? लिहिलं होतं, शिस्तीबद्दलचे संस्थापकांचे विचार त्यांच्या स्टेनोने स्वतःच्या सहीनिशी प्रमाणित केले आहेत.

 तिसऱ्या दिवशी सकाळची साडेसहाची बस पकडली. तुला कळवलं नाही. तिकीट काढलं, रांगेत उभी राहिले. तू पोर्चमध्ये कुणाला तरी खुर्च्या मोजून देत होतास. पाठमोरा होतास. तुझे केस मागून फार विरळ झालेत.

आता दालनाचं सांगते. टेबल चुकीचं ठेवलंय. साहेब भिंतीकडे तोंड करून बसायचे, कारण खिडकीतून बघत बसलं की काम होत नाही म्हणायचे. तुम्ही त्यांना खिडकीत सूर्याकडे तोंड करून बसवलंय. नटाचा आवाज मधासारखा आहे. साहेबांचा आवाज कोरडा होता आणि 'प'वर अडखळायचा, म्हणून ते 'परंतु' टाळायचे. माझ्यापुढे एक बाई होती, हातात पिशवी, चपलांना चिखल. तिनं रस्त्यांचं बटण दाबलं. पुतळ्यानं रस्ते म्हणजे राष्ट्राच्या रक्तवाहिन्या वगैरे सांगितलं. ऐकून झाल्यावर ती पुतळ्याला म्हणाली, साहेब, आमच्याकडचा पूल पडून दोन वर्षं झाली, तो कधी होणार? आणि ती थांबून राहिली. खरंच थांबली, भोपळ्या. मागच्यांनी पुढे व्हा म्हटल्यावर हलली.

मग कुणीतरी अकरावं बटण दाबलं. साहेब म्हणाले, शिस्त आधी, स्वातंत्र्य नंतर, आणि आज परवानगीशिवाय बोलणारे माझ्या देशाचे शत्रू आहेत. ही चौथी ओळ कुणी लिहिली? कॉलेजातल्या दोन मुली शेजारी उभ्या होत्या. एकीनं दुसरीला विचारलं, खरंच असं म्हणाले होते?

मी म्हटलं, "नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मागे घेतलं. मी टाइप केलंय."

एवढंच म्हणायचं होतं. पण मुलींनी आणखी विचारलं, मी सांगितलं, मागचे पुढे आले, रांग अडली. अर्धा तास मी पर्समधली कार्बन कॉपी वाचून दाखवत होते. पहारेकऱ्यानं मला हाताला धरून, म्हणजे सभ्यपणानंच, पहारेकऱ्यांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि वहीत नाव लिहून घेतलं. मी संध्याकाळच्या आत घरी आले.

एक गोष्ट कळत नाही. मी सही न करता कागद परत पाठवला होता. मग सही कुठून आली?

आत्या


२४ मार्च

आत्या,

तू मला हाक मारायला हवी होतीस. मी पंधरा पावलांवर होतो.

तुझ्यामुळे काय झालंय याची तुला कल्पना नाही. त्या मुलींपैकी कुणीतरी तुझं बोलणं मोबाइलवर टिपलं, ते देशभर फिरतंय. सचिवांनी मला चार वेळा बोलावलं. पाचव्यांदा टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलंय की माझ्या आत्याचं वय एक्क्याऐंशी आहे, गेली दोन वर्षं तिला माणसं आणि तारखा आठवत नाहीत, आणि तिच्या बोलण्याकडे घरच्यांनीही लक्ष देणं सोडलं आहे. मी फक्त सही करायची. शुक्रवारपर्यंत.

सही तुझी मी केली. आता लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी तुझ्याकडे राहायचो तेव्हा प्रगतिपुस्तकावर तुझी सही मीच करायचो, हात बसलेला आहे. तुझा कागद सहीविना आला त्याच दिवशी समितीची बैठक होती. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाला काय फरक पडतो असं वाटलं. पाच मिनिटांचं काम होतं. चौथी ओळ माझी नाही, ती नंतर घातली गेली, पण ऐकल्यावर मी तोंड उघडलं नाही, हेही खरं.

आम्ही स्मारकाच्या आवारातल्या घरात राहतो. नोकरी गेली की घर जाईल. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. तू इतकी ताठ कशी राहू शकतेस मला कळत नाही. तुझं कधी काही अडलंच नाही का? साहेब आज असते तर काय म्हणाले असते हे तू सांगत नाहीस, ठीक. मी काय करू हे तरी सांग.

भोपळ्या


२८ मार्च

भोपळ्या,

तुझ्यावर ओरडायला बसले होते. तीन कागद फाडले. मग लक्षात आलं की ओरडायचा हक्क मला नाही. तू मला ताठ म्हणालास तिथे मला स्वतःचीच चीड आली.

तुमच्या स्मारकाच्या फाटकावर दगडात कोरलेलं आहे: 'देश आता तुमच्या हाती आहे. शंका घेऊ नका.' साहेबांचा अखेरचा संदेश. शाळेच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतो. तुला मी पाठ करून घेतला होता.

तो संदेश साहेबांचा नाही. माझा आहे.

शेवटचे सात आठवडे साहेबांची वाचा गेली होती. बाहेर अफवा होत्या, देश फुटणार, सैन्य येणार. मंत्री पलंगाभोवती उभे राहायचे. त्यांतल्या एकानं मला व्हरांड्यात नेलं आणि म्हणाला, तुला त्यांची भाषा येते, दोन ओळी लिही, लोकांना धीर येईल. मी पंचवीस वर्षांची होते. पाच मिनिटांचं काम होतं. मी टाइप केलं, त्यानं नेलं, संध्याकाळी रेडिओवर आलं. लोक रस्त्यात उभे राहून रडले. साहेबांनीही रेडिओ ऐकला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी अजून लावतेय.

मला म्हणायचं होतं, देश टिकेल याबद्दल शंका बाळगू नका, घाबरू नका. पण ते वाक्य पुढे कशाकशाला वापरलं गेलं ते तू बघितलंस. कुणी प्रश्न विचारला की फाटकाकडे बोट. संस्थापकच सांगून गेलेत, शंका घेऊ नका. माझं वाक्य पुढे करून माणसं तुरुंगात घातली, आणि मी इथे बसून वाण्याला म्हणत राहिले, साहेबांबद्दल मला विचारू नका.

तेव्हा तू काय करावंस हे मी सांगणार नाही. आत्या म्हणून एवढंच सांगते, शुक्रवारच्या कागदावर तू सही केलीस तरी माझं दार तुला बंद होणार नाही. वेडी ठरले तर ठरले. पण तू छप्पन्न वर्षं हे पोटात घेऊन जगशील, ते मला बघवणार नाही. तेवढी मी जगणारही नाही म्हणा.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

शुक्रवारी मी सचिवांच्या खोलीत गेलो. त्यांनी पेन उघडून दिलं. मी त्यांच्या कागदाखाली लिहिलं की आत्याची स्मृती उत्तम आहे, आणि प्रमाणपत्रावरची सही तिची नसून मी केलेली आहे. मग माझी सही केली. माझ्या नावाची. तुझी सही मला जास्त चटकन जमली होती.

सचिवांनी दोनदा वाचलं. मग अगदी हळू विचारलं, "तुम्हाला बायकापोरं आहेत ना?"

मी म्हटलं, आहेत. सही झाल्यावर मोबाइलवर घेतलेला त्या कागदाचा फोटो मी प्राध्यापिका बाईंना पाठवला. त्यांनी कुठे द्यायचा तिथे दिला.

निलंबनाचं पत्र सोमवारी आलं. पुढच्या महिन्याअखेर घर सोडायचंय, मग तुझ्याकडेच येऊ.  तिसऱ्या दिवशी बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाली, आधी सांगितलं असतंत तर मी नवे पडदे शिवले नसते. एवढ्यावर मिटलं असं मी धरून चाललोय. मुलगी म्हणते ती मैत्रिणीकडे राहून परीक्षा देईल. तिला माझा राग आलाय की अभिमान वाटतोय हे तिलाच ठरवता येत नाहीये.

दालन 'दुरुस्तीसाठी बंद' आहे. विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं. कुणी म्हणतं आपल्यामुळे, कुणी म्हणतं त्या दिवशी पुरेसे सदस्यच हजर नव्हते. मला दुसरं खरं वाटतं.

फाटकावरच्या संदेशाबद्दल मी कुणाला काही सांगितलेलं नाही. ते तुझं आहे.

भोपळ्या


२ मे

भोपळ्या,

सांगितलं. प्राध्यापिका बाई आल्या होत्या, दोन दिवस राहिल्या, सगळं लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात छापून आलं. पहिल्या पानावर, नशीब.

आता गंमत ऐक. सरकारनं पत्रक काढलं की या दाव्याला पुरावा नाही. मी म्हणते ते मी लिहिलं, आणि सरकार म्हणतं कशावरून? प्राध्यापिका बाईंनी विचारलं, त्या दिवसाची शॉर्टहँडची नोंद आहे का? मी म्हटलं, नाही, कारण साहेबांनी मला काही सांगितलंच नाही, मग मी टिपणार काय? बाकी चार वर्षांतला प्रत्येक शब्द वहीत आहे, तेवढाच नाही. हाच पुरावा. सरकारला तो पटत नाही. दगड तिथेच आहे. टपालानं रोज पत्रं येतात. निम्मी मला खोटारडी म्हणतात. एकानं तर लिहिलंय की संदेश संस्थापकांचाच आहे, तुम्हीच कधी अस्तित्वात नव्हता. कपाळावर हात मारून घेतला.

पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच. काल खालचे मास्तर वर आले. दारातच उभे राहिले. बस म्हटलं तरी बसेनात. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. वर्गात कुणी फार प्रश्न विचारले की ते त्याला शिक्षा म्हणून ते वाक्य पन्नास वेळा लिहायला लावायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. मग एकदम म्हणाले, "बाई, तुमचं वाक्य चुकलंय."

मी म्हटलं, मला घाबरू नका असं म्हणायचं होतं.

"मग तसं लिहायचं."

"मी पंचवीस वर्षांची होते, मास्तर."

"म्हणून काय झालं? माझी दहा वर्षांची पोरं याहून नीट लिहायची."

मला असा संताप आला. चांगलं दहा मिनिटं मी त्यांना सुनावलं, तेही ऐकून घेईनात. 'शंका' शब्दावरून सुरू झालं ते 'तुमच्या हाती' म्हणजे नक्की कुणाच्या, इथवर गेलं. चहा उतू गेला. आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की त्या वाक्याला उलटून कुणी बोललं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. दगडाशी कोण भांडणार? माझ्याशी भांडता येतं. मी उत्तर देते, चुकते, पुन्हा देते. मला इतकं हलकं वाटलं की आणखी मोठ्यानं भांडले.

पहिलं वाक्य ठीक आहे असं ते कबूल करतात. दुसऱ्यावर अजून मिटलेलं नाही, ते उद्या पुन्हा येणार आहेत. प्राध्यापिका बाईंनाही बोलावलंय. कॉलेजातल्या त्या दोन मुलींचंही पत्र आलंय, येऊ का म्हणून.

तू महिनाअखेर येतोयस ते बरंच आहे. पुढची खोली रिकामी केली आहे. सुनेला सांग, नवे पडदे घेऊन या, इथल्या खिडक्यांना लागतील. आणि माझ्याकडे खुर्च्या दोनच आहेत, तेव्हा बसायचं असेल तर आपापली आणा.

आत्या